रोममध्ये पाणी विकतच घ्यावं लागतं?

युरोपच्या सहलीला निघालं की एक सल्ला हमखास मिळतो: रोममध्ये रस्त्यावरचं पाणी पिऊ नका, बाटलीच घ्या. हा सल्ला चुकीचा आहे आणि कमी पैशांत फिरणाऱ्यांना तो उगाच महागात पडतो.

रोमभर सुमारे २,५०० ओतीव लोखंडाचे नळखांब आहेत. १८७४ पासून ते बसवले गेले. बाकदार तोटीमुळे लोक त्यांना ‘नासोनी’, म्हणजे मोठी नाकं, म्हणतात. घरोघरी जातं तेच पाणी इथे सतत वाहत असतं, म्हणून उन्हाळ्यातही ते गार लागतं. तोटीचं तोंड बोटाने दाबून धरा, वरच्या भोकातून धार उसळते आणि वाकून थेट पिता येतं. फक्त ‘नॉन पोताबिले’, म्हणजे पिण्यायोग्य नाही, अशी पाटी असेल तिथलं पाणी पिऊ नका.

तिकिटाशिवाय उत्तम कला दिसत नाही, हीही समजूत खोटीच. सान लुइजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये चित्रकार काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन अप्रतिम चित्रं फुकट बघता येतात. पँथिऑन या प्राचीन रोमन वास्तूला मात्र २०२३ पासून पर्यटकांना तिकीट आहे. कॉफी काउंटरशी उभ्यानेच प्या, टेबलाशी बसलात की बहुतेक ठिकाणी बिल वाढतं.