लघवीला मुंग्या लागायची वाट बघू नका

खानापूर, निपाणीकडं अजून बऱ्याच घरात हे ऐकायला मिळतं की लघवीला मुंग्या लागल्या तरच शुगर, नाहीतर काळजी नाही. हे साफ चुकीचं आहे आणि यापायी लोकांची वर्षं वाया जातात. कारण असं की रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मगच किडनी ती लघवीत सोडायला लागते, आणि डायबेटिस तर उपाशीपोटी १२६ लाच धरतात. १०० ते १२५ असेल तर प्रीडायबेटिस, म्हणजे डायबेटिसच्या आधीची पायरी, आणि खरं पकडायचं इथंच, कारण वजन, चालणं, खाणं यावर लक्ष दिलं तर इथून बरेच जण माघारी येतात.

या टप्प्यावर बहुतेकांना काहीच त्रास नसतो हो. कुणाच्या मानेवर, काखेत काळपट जाडसर पट्टा येतो, तो मळ समजून आंघोळीला दगडानं घासत बसतात, पण ती शुगरची खूण असू शकते. रात्री सारखं लघवीला उठणं, तहान, जखम लवकर न भरणं हे पुढचं.

तिशी झाली की सरकारी दवाखान्यात बोट टोचून बघतात, पण त्यावर नक्की ठरत नाही, शिरेतलं रक्त द्यावं लागतं. त्याआधी आठ तास फक्त पाणी, लॅबला जाताना बसस्टँडवरचा अर्धा कप चहासुद्धा नको. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, उपाशी न राहताही होते, ती ६.५ टक्के किंवा वर आली आणि त्रास काही नसेल तर डॉक्टर परत एकदा टेस्ट करून मगच पक्कं सांगतात.