एकच रात्र, शंभर हॉटेलं

डिसेंबर लागला की गोव्यात राहणाऱ्या मराठी माणसाचा फोन वाजायला लागतो. पुण्याचे भावोजी, कोल्हापूरची मामेबहीण, कॉलेजनंतर गायब झालेला एखादा मित्र. मागणी ठरलेली असते: "दोन दिवस आहोत रे, त्यातली एक रात्र मोकळी आहे. सध्या जिथे सगळे जातात असं एक मस्त हॉटेल सांग." आपण आसगावचं एखादं नाव सांगून मोकळे होतो. पण या साध्या मागणीमागे जो प्रश्न दडलाय, त्यावर गणितज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञांनी अनेक दशकं डोकं खपवलंय.

मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर गेला आहात अशी कल्पना करा. समोर जुगाराच्या यंत्रांची रांग आहे. प्रत्येक यंत्र वेगवेगळ्या प्रमाणात पैसे देतं, पण कुठलं किती देतं हे बाहेरून कळत नाही. हातातल्या नाण्यांपैकी किती नाणी यंत्रं चाचपण्यात घालवायची आणि किती आतापर्यंतच्या सगळ्यात बऱ्या यंत्रात टाकायची? हर्बर्ट रॉबिन्स या गणितज्ञाने १९५२ साली हा प्रश्न नीट मांडला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचा या कोड्याने एवढा वेळ खाल्ला, की हे कोडंच जर्मनीवर टाकावं, म्हणजे शत्रूही त्यात अडकेल, असं कुणीतरी सुचवलं होतं, असा किस्सा गणितज्ञ पीटर व्हिटल सांगत.

हॉटेलांचंही तसंच आहे. पणजीत राहणाऱ्या माणसाला वर्षभर जेवायचंय. १८ जून रस्त्यावरचं नवं हॉटेल फसलं तर एक संध्याकाळ जाते, पण मिळालेली माहिती पुढे कित्येक वर्षं उपयोगी पडते. त्याने प्रयोग करावेत. ज्याला सकाळी मोप्याला विमान पकडायचंय त्याचा हिशेब नेमका उलटा असतो. नव्या ठिकाणाबद्दल काही शिकण्याची किंमत पुढे उरलेल्या संधींवर ठरते, आणि शेवटच्या खेळीत ती शून्य असते. म्हणून एका रात्रीच्या पाहुण्याने स्वतः शोध घेण्याच्या भानगडीत पडू नये. दुसऱ्यांनी घेतलेल्या शोधाचा फायदा घ्यावा.

गोची इथेच आहे. दुसरे म्हणजे कोण? ॲपवर चांदण्या देणाऱ्यांत त्याच्यासारखेच एका रात्रीचे पाहुणे भरपूर असतात. त्यांनी ते हॉटेल एकदाच पाहिलेलं असतं आणि शेजारचं पाहिलेलंच नसतं. आणि तिथे ते का गेले? तर आधीच्यांनी चांदण्या दिल्या होत्या म्हणून.

या साखळीचं सगळ्यात नेमकं वर्णन अभिजित बॅनर्जी यांनी १९९२ साली केलं. २०१९ चं नोबेल त्यांना वेगळ्या कामासाठी मिळालं. जन्म मुंबईचा, आई मराठी, माहेरच्या पाटणकर, म्हणून आपण थोडा हक्क सांगायला हरकत नाही. झुंडीच्या वागण्यावरच्या त्यांच्या निबंधात उदाहरणच दोन शेजारशेजारच्या हॉटेलांचं आहे. आपण ते आसगावच्या एका गल्लीत आणू.

गल्लीत डावीकडे एक हॉटेल, उजवीकडे एक. डावं किंचित बरं असावं, असा लोकांचा आधीपासूनचा कल आहे, अगदी ५१ विरुद्ध ४९ इतकाच. रात्री शंभर माणसं एकामागून एक येणार आहेत आणि प्रत्येकाकडे स्वतःची अशी एक खबर आहे. प्रत्यक्षात उजवं हॉटेल चांगलं आहे आणि शंभरातल्या ९९ जणांना तशीच खबर मिळाली आहे. एकाच माणसाला चुकून डाव्याबद्दल चांगलं कळलंय, आणि नेमका तोच पहिला पोचतो. तो डावीकडे जातो. दुसरी बाई येते. तिची खबर उजव्याची. पण पहिला माणूस डावीकडे बसलेला दिसतो, म्हणजे त्याची खबर डाव्याची असणार. दोन्ही खबरी एकमेकींना कापतात, उरतो तो ५१चा कल, आणि ती डावीकडे वळते. आता तिसरा. त्याला डावीकडे दोघं दिसतात. पण दुसरीने स्वतःच्या खबरीकडे दुर्लक्ष केलं होतं, त्यामुळे तिच्या तिथे असण्यातून नवं काहीच कळत नाही. तिसऱ्याची अवस्था हुबेहूब दुसरीसारखी होते आणि तोही डावीकडेच जातो. अशी शंभरही माणसं डावीकडे. उजवीकडचा मालक पंखा चालू ठेवून दारात उभा.

यात मूर्ख कुणीच नाही, हे मला सगळ्यात अस्वस्थ करणारं वाटतं. प्रत्येकाने हाती असलेल्या माहितीचा योग्य तोच अर्थ लावला, आणि तरीही ९९ लोकांची खरी माहिती वाया गेली. त्याच वर्षी सुशील बिखचंदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही हीच गोष्ट स्वतंत्रपणे मांडली, आणि इन्फर्मेशन कॅस्केड हे नाव रूढ झालं. त्यांनी एक महत्त्वाची भर घातली: अशी लाट फार नाजूक असते. शंभर माणसं दिसली तरी त्यांच्या मागे खबर एखाद-दुसऱ्याचीच असते, म्हणून बाहेरून थोडी जरी नवी बातमी आली तरी लाट पलटते. गेल्या मोसमात जिथे टेबल मिळायला ओळख लागत होती, तिथे या मोसमात वेटर माश्या का मारतोय, याचं उत्तर बऱ्याचदा स्वयंपाकघरात सापडत नाही ते यामुळे.

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९९१ साली असंच एक कोडं मांडलं होतं, तेही मासळीच्या हॉटेलाचं. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावात एका हॉटेलाबाहेर कायम रांग असे आणि रस्त्यापलीकडच्या तशाच दुसऱ्या हॉटेलात खुर्च्या रिकाम्या. मग रांगवाला भाव का वाढवत नाही? बेकर यांचं म्हणणं असं, की लोकांना ती जागा हवीशी वाटते त्याचं एक कारण इतरांना ती हवी आहे हेच असतं. भाव वाढवून रांग मोडली तर मागणीच ढासळू शकते. ट्रेंडी हॉटेलाबाहेरची रांग ही त्या हॉटेलाच्या मालाचाच भाग असते, असं समजा ना.

मग गर्दी सगळीच खोटी? तसंही नाही. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली १४ हजारांहून अधिक लोकांवर इंटरनेटवर एक प्रयोग केला. अनोळखी गाणी तीच, पण ऐकणाऱ्यांचे वेगवेगळे गट पाडले, आणि प्रत्येक गटाला फक्त आपल्याच गटात काय गाजतंय ते दिसत होतं. प्रत्येक गटात गाजलेली गाणी वेगळी निघाली. मात्र खरोखर उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि टाकाऊ सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. म्हणजे गाजलेलं हॉटेल अगदीच वाईट निघण्याची शक्यता कमी. पण ते पहिल्या नंबरावर आहे आणि दुसरं नवव्या, या फरकाला फारसा अर्थ नाही.

आता चांदण्या. समजा एका नव्या हॉटेलाला १२ जणांनी मिळून सरासरी ४.८ दिले आहेत आणि एका जुन्याला ३,००० जणांनी ४.४. बोट आपोआप ४.८कडे जातं. संख्याशास्त्रज्ञ इथे एक साधी युक्ती करतात. गावातल्या हॉटेलांची सरासरी ४.० धरा आणि प्रत्येक हॉटेलाच्या खात्यात असे ५० काल्पनिक अभिप्राय आधीच टाका. नव्या हॉटेलाची बेरीज १२ गुणिले ४.८ म्हणजे ५७.६, त्यात २०० मिळवले की २५७.६, भागिले ६२. उत्तर येतं ४.१५. जुन्याचं हाच हिशेब करून येतं ४.३९. थोड्या अभिप्रायांची सरासरी अशी गावाच्या सरासरीकडे ओढली जाते. बारा जणांत मालकाची आतेभावंडं किती, हे विचारायचीही गरज उरत नाही.

माझ्या मते आकड्यापेक्षा मजकूर जास्त बोलतो, आणि त्यातही एकच गोष्ट शोधावी: लिहिणारा पुन्हा आलाय का? सूर्यास्ताचा फोटो कुणीही टाकतो. "गेल्या वेळी हुमण छान होतं, या खेपेला तिखट जास्त झालं" असं लिहिणाऱ्याने मात्र दुसरी रात्रही तिथेच खर्च केली आहे, आणि आजूबाजूला पर्याय असताना केली आहे. त्याची तक्रारसुद्धा पाहुण्याच्या पाच चांदण्यांपेक्षा जास्त सांगून जाते. गोव्यात हे ताडणं तसं सोपं आहे. आठ वाजता बहुतेक टेबलांवर म्हापशाची-पणजीची कुटुंबं, आजी-नातवंडांसकट, बसलेली असतील तर ती रांगेमुळे आलेली नसतात.

समजा सगळ्यांनीच यादीतला पहिला नंबर गाठायचं ठरवलं तर? याचा अभ्यास कोलकात्यात झालाय. साहा इन्स्टिट्यूटचे विकास चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी तिथल्या स्वस्त खाणावळींवरून 'कोलकाता पैसे रेस्टॉरंट' नावाचं गणित मांडलं. शंभर माणसं, शंभर खाणावळी, प्रत्येक ठिकाणी एकाच माणसापुरतं जेवण, आणि एकमेकांशी बोलायचं नाही. सगळे नावाजलेल्या ठिकाणी गेले तर एक जण जेवतो, नव्याण्णव उपाशी. डोळे मिटून कुठेही गेले तर सरासरी ६३ जण जेवतात आणि ३७ खाणावळी रिकाम्या राहतात. अक्कल न चालवणारे अक्कलवाल्यांपेक्षा त्रेसष्टपट बरे! प्रत्यक्षात हॉटेलात एकापेक्षा जास्त टेबलं असतात हे कबूल, पण ख्रिसमस ते नववर्षाच्या आठवड्यात आसगाव-वागातोरच्या रस्त्यावर जे दिसतं ते या गणिताच्या फार जवळ जातं. यादीतलं चौथं-पाचवं नाव निवडण्यात चवीचा तोटा नगण्य आणि वेळेचा फायदा मोठा.

हाच ३७ आणखी एका प्रसिद्ध कोड्यात येतो. पर्याय एकेक करून समोर येत असतील आणि सोडलेल्याकडे परतता येत नसेल, तर पहिले सुमारे ३७ टक्के नुसते बघून सोडायचे आणि मग त्या सगळ्यांहून सरस असा पहिला जो भेटेल तो पकडायचा. दहा हॉटेलं असतील तर तीन सोडायची. सर्वोत्तम हाती लागण्याची शक्यता जेमतेम ४० टक्के. दोन्हीकडचे ३७ एकाच संख्येतून येतात, १ भागिले ई (ई म्हणजे गणितातली सुमारे २.७१८ ही संख्या). मला यात मजा वाटते, पण हॉटेल निवडायला हा नियम वापरू नका. फोंतेन्हासच्या गल्लीत मागे वळता येतं, पोटात कावळे ओरडत असतात, आणि आपल्याला सर्वोत्तमच हवं असतं असंही नाही. हर्बर्ट सायमन यांनी १९५६ साली सांगितलेलं जास्त उपयोगी आहे: पुरेसं चांगलं म्हणजे काय ते आधी ठरवा आणि तसं पहिलं मिळालं की थांबा. ताजी मासळी, बोललेलं ऐकू येईल एवढी शांतता, माणशी अमुक रुपये. बस्स.

वाट बघण्याचाही हिशेब आहे. दारातला माणूस म्हणतो, "दहाच मिनिटं, साहेब." त्याला विचारू नका, टेबलं मोजा. वीस टेबलं असतील आणि एक कुटुंब साधारण ८० मिनिटं बसत असेल, तर दर चार मिनिटांनी एक टेबल सुटतं. तुमच्या पुढे बारा गट असतील तर तुमचा नंबर लागायला पाऊण तास सहज जाणार. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या रांगेच्या नियमाचा हा घरगुती वापर. आणि रांग सरळ रेषेत वाढत नाही. सगळ्यात साध्या गणिती रांगेत क्षमता ८० टक्के भरली असताना जेवढी वाट बघावी लागते, त्याच्या दुपटीहून जास्त ९० टक्क्यांना आणि जवळपास पाचपट ९५ टक्क्यांना. साडेसात आणि नऊ यांत एवढा फरक पडतो तो यामुळे.

गोंगाटाचा मुद्दा मात्र लोक हसण्यावारी नेतात. उघडं सिमेंट, काच, उंच छत, पडदे नाहीत, गाद्या नाहीत, ही सध्याची सजावट आवाज शोषत नाही, परत फेकते. त्यात १९११ साली एतिएन लोम्बार्ड या फ्रेंच कानाच्या डॉक्टरने टिपलेली सवय: भोवती आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज वाढवतो. शेजारच्या टेबलाने वाढवला की आपण वाढवतो, आपण वाढवला की ते. शिवाय २०११ साली इंग्लंडमध्ये झालेल्या प्रयोगात, कानांवर मोठा घरघराट सोडलेल्या लोकांना तेच पदार्थ कमी खारट, कमी गोड आणि जास्त कुरकुरीत लागले. याचा धडधडीत अर्थ मी असा लावतो, की डीजेच्या बाजूला बसायची वेळ आलीच तर रवा लावून तळलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, मागवावीत. नाजूक कालवण तिथे फुकट जाईल. उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करायचा नियम २००० सालापासून देशभर आहे, निदान कागदावर तरी.

शेवटी मेनू. इथेही झुंड असतेच. बीजिंगमधल्या हॉटेलांत केलेल्या एका प्रयोगात नुसती 'सर्वाधिक खपणारे पाच पदार्थ' अशी पाटी टेबलावर ठेवल्यावर त्या पदार्थांची मागणी १३ ते २० टक्क्यांनी वाढली. पाटीपेक्षा वेटरला विचारावं, आणि उत्तर क्लॉड शॅनन यांच्या १९४८च्या माहितीसिद्धांताच्या कानांनी ऐकावं. जे उत्तर रोज, प्रत्येकाला, तेच मिळतं त्यात माहिती शून्य असते. "सगळं ताजं आहे, साहेब" हे असं शून्य उत्तर. "इसवण (म्हणजे सुरमई) आज नको, बांगडा घ्या" असं जो म्हणतो, त्याने महागडा पदार्थ विकायची संधी सोडली, म्हणून त्याच्या बोलण्याला वजन आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीमुळे गोव्यात ट्रॉलर समुद्रात जात नाहीत, आणि पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनलाच संपते. त्या काळात ताटात पडलेली इसवण बऱ्याचदा तिकडून बर्फात प्रवास करून आलेली किंवा शीतगृहातली असते. तेव्हा जुलैत कुणी वेटर हळूच म्हणाला, "आज मासळीचं राहू द्या, सुक्या सुंगटांची किसमूर आणि शीत-कढी घ्या," तर बिनधास्त घ्यावी.