विंटेज ड्रॅग रेसिंग गाड्यांची स्केल मॉडेलं

१९५० ते ७० च्या दशकांत अमेरिकेत पाव मैलाच्या, म्हणजे १३२० फुटांच्या सरळ ट्रॅकवर जोडीजोडीने पळणाऱ्या गाड्यांच्या मापात केलेल्या छोट्या प्रतिकृती म्हणजे ही मॉडेलं. बहुतेक १/२५ किंवा १/२४ स्केलची असतात, सुरुवात प्लॅस्टिकच्या किटने होते आणि मग निम्मं किट बाजूला ठेवून उरलेलं हाताने बनवलं जातं. या खेळाला शिस्त लावली ती एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) या संस्थेने, वॉली पार्क्स यांनी ती १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात काढली, आणि पहिली नॅशनल्स, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा, १९५५ ला कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडला भरली (पावसाने घोळ घातला आणि शेवटच्या फेऱ्या थेट ॲरिझोनात न्याव्या लागल्या). गॅसर, ऑल्टर्ड, फनी कार अशा सगळ्याच जातींची मॉडेलं होतात, पण हौशी लोकांचा खरा जीव स्लिंगशॉटवर. यात ड्रायव्हर मागच्या ॲक्सलच्याही मागे बसतो, पुढे उघडं इंजिन आणि नळ्यांचा लांबलचक सांगाडा, लपवायला बॉडी जवळजवळ नाहीच, त्यामुळे केलेली चूक पण उघडीच दिसते.

रेसची गाडी एका रूपात टिकत नाही ही इथली मुख्य डोकेदुखी. इंजिन फुटलं की दुसरं बसवायचं, स्पॉन्सर बदलला की नाव खोडायचं, टायर-एक्झॉस्ट तर सीझनच्या मध्यातच बदलायचे, म्हणून अचूक मॉडेल करायचं तर आधी गाडी कुठल्या वर्षाची, जमलं तर कुठल्या रेसची ते ठरवावं लागतं, नाहीतर बॉडी ६४ ची, स्टिकर ६६ चे आणि टायर ७० चे अशी कधीच अस्तित्वात नसलेली गाडी तयार होते. ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सचंच बघा, त्याच्या गाड्यांचं नाव स्वॅम्प रॅट, फक्त नंबर वेगवेगळे. ८ मार्च १९७० ला लाँग बीचच्या लायन्स ट्रॅकवर स्वॅम्प रॅट १३ चं ट्रान्समिशन फुटलं आणि त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला, त्यानंतर तो इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे असलेली १४ नंबरची गाडी घेऊन आला आणि १९७१ ची पोमोनाची विंटरनॅशनल्स स्पर्धा जिंकला. म्हणजे नंबर एकानेच वाढला पण मॉडेल अख्खं नव्याने करायचं. छोट्या खुणाही असतात, वर-मागे वळलेले झूमी एक्झॉस्ट साठच्या दशकाच्या मध्यापासून दिसायला लागतात, त्याआधीच्या गाडीला ते लावले तर जाणकार लगेच पकडतो.

संदर्भ म्हणून म्युझियममधली गाडी बघता येते (ओकाला, फ्लोरिडात गार्लिट्सचं आणि पोमोनाला एनएचआरएचं म्युझियम आहे) पण रिस्टोअर केलेली गाडी बहुतेक वेळा तेव्हापेक्षा जास्तच चकाचक असते आणि तिच्यात नंतरचे पार्टही शिरलेले असतात. जुने फोटो जास्त खरे, फक्त ते ब्लॅक अँड व्हाइट, त्यात लाल आणि गडद हिरवा सारखाच दिसतो.

स्केलचा थोडा गोंधळ आहे. एएमटी, एमपीसी या कंपन्यांची किट १/२५, मोनोग्रामची बरीचशी १/२४. फरक चारच टक्के, पण २०० इंच व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) गाडी एका स्केलमध्ये ८ इंच येते आणि दुसऱ्यात त्याहून साडेआठ मिलिमीटर लांब, म्हणून एकातलं इंजिन दुसऱ्यात ढकललं तर कोणीतरी विचारणारच.

किटमधला सांगाडा सहसा दोन अर्ध्या भागांत येतो, चिकटवल्यावर मध्ये जोडाची रेघ राहते आणि नळ्या गोलऐवजी चपट्या दिसतात, म्हणून मुरलेले लोक तो फेकून देतात. खऱ्या गाडीची क्रोमोली स्टीलची दीड इंची नळी १/२५ मध्ये दीड मिलिमीटरची होते. कागदावर १/२५ मध्ये साइड व्ह्यू काढायचा, त्यावर प्लॅस्टिकचा रॉड किंवा पितळेची नळी ठेवून कापायची, टोकाला गोल कानस मारून खाच पाडायची म्हणजे एक नळी दुसरीवर नीट बसते, आणि मग प्लॅस्टिक असेल तर लिक्विड ग्लू, पितळ असेल तर सोल्डर. फेविक्विक टाइप गोंद जपून, त्याची वाफ क्रोमवर पांढरट धुकं सोडते. बॉडीच्या कडाही आतून घासून पातळ कराव्या लागतात, कारण १ मिलिमीटर जाड प्लॅस्टिक म्हणजे खऱ्या गाडीवर २५ मिलिमीटरचा पत्रा झाला!

इंजिनवर सगळ्यात जास्त वेळ जातो. जुन्या गाड्यांत क्रायस्लरचं ३९२ हेमी (३९२ घन इंचांचं इंजिन) खूप चालायचं, वर ६-७१ ब्लोअर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, जो मुळात जीएमसीच्या ट्रक-बसच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनातला, सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच, म्हणून तो नंबर, आणि त्याच्याही वर हिलबॉर्नचा इंधन इंजेक्टर. हेमीचे प्लग व्हॉल्व्ह कव्हरच्या मधूनच आत जातात, त्यामुळे प्रत्येक कव्हरला चार भोकं पाडून त्यात वायर सोडायची. खरी प्लग वायर ७-८ मिलिमीटरची, म्हणजे इथे ०.३ ची. आठही वायरी १-८-४-३-६-५-७-२ या फायरिंग ऑर्डरने मॅग्नेटोला (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) जोडणारे लोक आहेत. कंपनीच्या मूळ ३९२ मध्ये डिस्ट्रिब्युटर मागे असतो आणि ४२६ हेमीत पुढे, किटच्या डब्यात काय दिलंय यावर इथे विसंबून राहू नये.

१९६५ च्या फॅक्टरी डॉज आणि प्लिमथ गाड्या हा वेगळाच प्रकार. मागच्या चाकांवर वजन यावं म्हणून मागचा ॲक्सल १५ इंच आणि पुढचा १० इंच पुढे सरकवलेला, फनी कार हा वर्ग पुढे इथूनच निघाला. साध्या ६५ च्या किटवरून ही करायची तर मागची चाकं १५ आणि पुढची १० मिलिमीटर पुढे घ्यायची, चाकांच्या कमानी कापून नव्या जागी बसवायच्या आणि जुनी जागा पुटीने बुजवायची. ऐकायला सोपं वाटतं.

रंगात कँडी पेंट खरी परीक्षा घेतो. खाली चंदेरी किंवा सोनेरी बेस, वर पारदर्शक रंगाचे हात, प्रत्येक हाताने रंग गडद होत जातो, म्हणून बॉनेट सुटं रंगवलं आणि त्याला एक हात कमी पडला तर ते वेगळंच दिसतं. मेटलफ्लेकचा त्रास उलटा, बाजारातली चमकी १/२५ ला इतकी मोठी पडते की गाडी गणपतीच्या मखरासारखी चमचमते. डिकल (गाडीवर लावायची छापील अक्षरं-चित्रं) घरी छापायचं तर साधा इंकजेट पांढरी शाई छापत नाही, म्हणून काळ्या गाडीवरची पांढरी अक्षरं अडतात. ते काम जुने आल्प्स प्रिंटर करायचे, आता ते दुर्मिळ.

आपल्याकडे या गाड्या घरात आल्या त्या हॉट व्हील्समुळे. १९७० ला ही खेळणी बनवणाऱ्या मॅटेलने ड्रॅग रेसर डॉन प्रुडोमची पिवळी बाराकुडा ‘स्नेक’ आणि टॉम मॅक्युएनची लाल डस्टर ‘मंगूस’ स्पॉन्सर केली आणि दोन्ही खेळण्यातही काढल्या. ती खेळणी अंदाजे १/६४, अचूकपणाचा दावा नाही.

तयार मॉडेल कपाटात ठेवलं तरी एक धोका राहतोच. जुन्या किटचे मऊ व्हिनाइलचे टायर प्लॅस्टिकच्या रिमला वितळवतात, टायरमधलं मऊपणा देणारं केमिकल हळूहळू बाहेर येतं आणि काही वर्षांनी रिमवर खड्डा पडतो, म्हणून मध्ये फॉइलची पट्टी घालतात किंवा सरळ रेझिनचे टायर लावतात.