नैतिक सापेक्षतावाद

योग्य-अयोग्य ठरवणारे मानदंड प्रत्येक समाज आपापल्या परंपरेतून घडवतो आणि सर्व समाजांना लागू पडेल असा त्यापलीकडचा मानदंड नसतो, असे मानणारी नीतिशास्त्रातील भूमिका. तिच्यात तीन निरनिराळी विधाने सरमिसळ होऊन येतात. समाजासमाजांत नैतिक समजुती वेगळ्या असतात, हे पहिले. ते निरीक्षण आहे आणि त्याबद्दल फारसा वाद नाही. त्यांतली कोणती समजूत बरोबर हे ठरवणारा समाईक निकषच नाही, हे दुसरे. म्हणून परक्यांच्या रीतींना नावे ठेवू नयेत, हे तिसरे. पहिल्यावरून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही. तिसरे तर दुसऱ्याच्या मुळावरच येते, कारण ‘नावे ठेवू नयेत’ हा सर्वांना लागू केलेला नैतिक आदेशच आहे.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इराणी सम्राट दारियसच्या दरबारातली एक गोष्ट नोंदवली आहे. मृत आईवडिलांचे दहन करणारे ग्रीक आणि त्यांचे मांस खाणारी एक भारतीय जमात, या दोघांना एकमेकांची रीत पाळण्याबद्दल विचारताच दोघेही शहारले. पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण हटकून येते. मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण बौधायन धर्मसूत्र या आचारनियमांच्या प्राचीन ग्रंथात आहे. मुंज न झालेल्याबरोबर जेवणे, स्त्रीबरोबर जेवणे, शिळे अन्न खाणे, मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करणे या दक्षिणेच्या रीती. लोकर विकणे, मद्य पिणे, शस्त्रांवर पोट भरणे, समुद्रप्रवास करणे वगैरे उत्तरेच्या. इकडची रीत तिकडे पाळणारा दोषी ठरतो, त्या त्या ठिकाणी तो तो देशच प्रमाण, असे सूत्रकार सांगतो. आणि लगेच पुढे नोंदवतो, की गौतम या दुसऱ्या धर्मसूत्रकाराच्या मते हे खोटे आहे. म्हणजे सापेक्षतावाद आणि त्याचे खंडन ही दोन्ही या परंपरेत शेजारी शेजारी बसलेली आहेत. वाद बाहेरून आणावा लागलेला नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध केलेल्या पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात अशा मतभेदांचा मोठा साठा आहे. डेक्कन कॉलेजातील इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात आप्तसंबंधांच्या उत्तर-दक्षिण फरकांचा अभ्यास मांडला. मामेबहिणीशी लग्न महाराष्ट्रातल्या अनेक जातींत रूढ आहे. उत्तर भारतातल्या बहुतेक हिंदूंना ते भावाबहिणीचे लग्न वाटते.

लग्नसंबंधांच्या अशा फरकात कोणाचे काही बिघडत नाही, तोवर सापेक्षतावाद सोपा असतो. तो अवघड झाला तो संमतिवयाच्या, म्हणजे मुलीशी (पत्नीशीही) शरीरसंबंध ठेवण्यासाठी कायद्याने ठरवलेल्या किमान वयाच्या, वादात. कलकत्त्यात फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा पतीच्या शरीरसंबंधामुळे मृत्यू झाला. पारशी समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या आधीपासून चाललेल्या मोहिमेला या मृत्यूने जोर आला आणि मार्च १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा वर्षे करणारा कायदा झाला. पुण्यात यावर सभा झाल्या, सभा उधळल्या गेल्या, टिळकांचा ‘केसरी’ आणि आगरकरांचा ‘सुधारक’ यांत अक्षरशः जुंपली.

या वादात टिळकांना सापेक्षतावादी ठरवण्याची सवय आहे. ती तपासून घ्यावी अशी आहे. त्यांनी शास्त्राधार पुढे केले हे खरे. पण परक्या सरकारने आपल्या धर्मात आणि घरात कायद्याने शिरू नये, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. मुलींची लग्ने सोळाव्या वर्षाआधी करू नयेत असे बंधन सुधारकांनी आधी स्वतःवर घालून घ्यावे, असा प्रतिप्रस्तावही त्यांनीच मांडला होता. बालविवाह ‘आमच्यापुरता योग्य’ आहे असे मानणारा माणूस असा प्रस्ताव मांडणार नाही. एखादी रीत वाईट आहे का आणि ती बंद करण्याचा अधिकार कोणाचा, हे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर ‘तुमचा नाही’ असे आले, तरी पहिला प्रश्न उभाच राहतो.

संस्कृतचे पंडित रा. गो. भांडारकर यांनी शास्त्रग्रंथांतूनच कायद्याला अनुकूल आधार काढले. परंपरेच्या आत राहूनही परंपरेची झडती घेता येते, हे त्यांनी दाखवले. आगरकरांना तेवढे वळण घेण्याची गरज वाटली नाही. रीत कोणाची, किती जुनी, यापेक्षा तिने माणसाचे हित होते की अहित, हे बुद्धीला विचारावे, असा त्यांचा पवित्रा होता. त्याच वर्षी महात्मा फुले यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ मरणोत्तर प्रसिद्ध झाले. ज्या जातिधर्माच्या नावाने ‘आमची रीत’ सांगितली जात होती, त्या रीतीखाली दबलेल्यांच्या बाजूने पाहिले, तर ती ‘आमची’ कोणाची, हा प्रश्न फुले यांनी सर्वांत थेट विचारला. एक शहर, एक भाषा, आणि एवढी मते. ‘पुण्याची संस्कृती काय म्हणते’ याला तेव्हाही एक उत्तर नव्हते.

विसाव्या शतकात रूथ बेनेडिक्ट, मेल्व्हिल हर्स्कोविट्स आदी अमेरिकी मानवशास्त्रज्ञांनी ही भूमिका प्रतिष्ठेला नेली. वसाहतवाल्यांच्या ‘आम्ही सुधारलेले, तुम्ही रानटी’ या तोऱ्याला ते उत्तर होते आणि ते श्रेय त्यांना द्यायलाच हवे. अमेरिकी मानवशास्त्र संघटनेने १९४७ साली मानवी हक्कांच्या नियोजित जाहीरनाम्यात पाश्चात्त्य मूल्येच सर्वांवर लादली जातील अशी शंका नोंदवली; जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ रोजी संमत झाला.

‘योग्य म्हणजे समाजाला मान्य’ असे मानले, तर समाजाशी भांडणारा व्याख्येनेच चूक ठरतो. हा या भूमिकेवरचा सर्वांत जड आक्षेप. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला; या हिशेबाने तेव्हा गाव बरोबर आणि कर्वे चूक. मुळात समाजाचे मत मोजायचे कोणाच्या तोंडून? २०१८ साली कंजारभाट समाजातल्या तरुणांनी नववधूच्या कौमार्य चाचणीविरुद्ध मोहीम चालवली आणि पिंपरीत त्यांच्यातल्या काहींना मारहाण झाली. चाचणी घेणारी जातपंचायत आणि तिला नकार देणारे तरुण, दोघेही त्याच समाजाचे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.