उतरायचे वजन

11 ऑक्टोबर 2024 च्या संध्याकाळी तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोईंग 737 हायड्रॉलिक बिघाडामुळे दोन तासांहून अधिक वेळ आकाशात घिरट्या घालत होते. अशा वेळी हमखास येणारा प्रश्न म्हणजे, इंधन फेकून देऊन लगेच का उतरत नाहीत? एक तर 737 ला ती सोयच नसते. शिवाय इंधन फेकतात ते आगीच्या भीतीने, हा समजही अर्धवटच आहे. मुख्य भानगड वजनाची असते.

लांब पल्ल्याचे बोईंग 777-200 ईआर घ्या. ते जास्तीत जास्त 297.5 टन वजन घेऊन उडू शकते, पण उतरतानाची मर्यादा 213 टनांची. मधले 84 टन वाटेत जळून जातील, या हिशेबानेच ते निघते. निघाल्या निघाल्या एक इंजिन गेले, की हा हिशेब कोलमडतो. जाळून हलके व्हायचे तर तासाला सुमारे सात टन, म्हणजे बारा तास लागतील! म्हणून पंखांच्या मागच्या कडेला, टोकाजवळ तोंडे ठेवलेली असतात आणि पंप त्यांतून इंधन बाहेर सोडतात. ठरावीक साठा मात्र टाकीत उरतोच, वैमानिकाने ठरवले तरी सगळे सोडता येत नाही.

पण थोडे जड उतरले तर बिघडते कुठे? इथे शाळेतले एक सूत्र फार सुंदर काम करते. पंख विमानाला जे उचलून धरतात, ते बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वजन 1.4 पट झाले, तर वेगाचा वर्गही 1.4 पट हवा. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. त्यात वस्तुमान 1.4 पट, वेगाचा वर्ग 1.4 पट, म्हणजे ऊर्जा जवळजवळ दुप्पट. थोडक्यात, उतरणाऱ्या विमानाची ऊर्जा वजनाच्या वर्गाने वाढते. आकडेच मांडू. 213 टनांचे विमान ताशी 250 किलोमीटरने टेकले, तर त्याच्याकडे सुमारे 51 कोटी जूल ऊर्जा असते. 297.5 टनांचे तेच विमान त्याच कोनात पंख धरून ताशी 295 किलोमीटरने टेकेल, आणि ऊर्जा होईल 100 कोटी जूल. यातली काही हवेच्या विरोधात जाते, काही इंजिनाचा झोत पुढे वळवून मिळणाऱ्या उलट्या जोरात (तोही आता एकाच इंजिनाचा). उरलेली ब्रेकच्या चकत्यांमध्ये उष्णता होऊन बसते. कसारा घाट उतरलेल्या भरल्या ट्रकच्या लायनरचा वास ज्यांनी घेतला आहे, त्यांना याची थोडीफार कल्पना येईल.

ही उष्णता चाकात पोचली की आतला नायट्रोजन तापतो, दाब वाढतो आणि टायर बाँबसारखा फुटू शकतो. म्हणून चाकात बारीक बुचे बसवतात, ज्यांचा गाभा ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा असतो. तो वितळला की वायू निघून जातो आणि टायर निमूट खाली बसतो. 2019 मध्ये फ्रान्समध्ये पहिले राफेल ताब्यात घेताना आपण त्याच्या चाकांखाली लिंबे ठेवली होती. चाकांची राखण करायला ही बुचे पुरेशी आहेत.

तरीही 213 टन ही लक्ष्मणरेषा नाही. उतरण्याच्या कमाल वजनाला विमानाचा सांगाडा सेकंदाला 3 मीटरने खाली आदळण्याचा मारा सोसेल असा बांधावा लागतो. उड्डाणाच्या पूर्ण वजनाला हीच अट 1.8 मीटरची आहे. नेहमीचे उतरणे यापेक्षा बरेच अलगद असते. त्यामुळे जड उतरता येते, फक्त नंतर विमानाची कसून तपासणी करावी लागते.

20 फेब्रुवारी 2021 रोजी डेन्व्हरहून होनोलुलूला निघालेल्या युनायटेडच्या 777 च्या उजव्या इंजिनातले पंख्याचे पाते तुटले. इंजिनाच्या आवरणाचे तुकडे ब्रूमफील्डच्या घरांवर पडले. दुसऱ्या इंजिनावर विमान उडत राहिले. वैमानिकांनी इंधन न सोडण्याचे ठरवले, कारण जादा वजन फार नव्हते आणि त्यांना वेळ महत्त्वाचा वाटला. बिघाडानंतर अर्ध्या तासाच्या आत विमान धावपट्टीवर होते. मला हा निर्णय फार आवडतो.

737 आणि एअरबस ए320 यांना इंधन सोडण्याची यंत्रणा का नाही, याचे उत्तर ब्रेकमध्ये नाही. अमेरिकेचा नियम पाहतो ती चढण्याची ताकद. पूर्ण भरून उडालेल्या विमानातून पंधरा मिनिटांचे इंधन वजा करा. त्या वजनाला एक इंजिन बंद असताना उतरणे रद्द करून दर 100 मीटरमागे 2.1 मीटर वर चढता आले, आणि दोन्ही इंजिने चालू असतानाची वेगळी अटही पुरी झाली, तर यंत्रणेची सक्ती नाही. ही विमाने त्यात बसतात.

युनायटेडच्या वर्षभर आधी, 14 जानेवारी 2020 रोजी, लॉस एंजेलिसहून शांघायला निघालेल्या डेल्टाच्या 777 च्या उजव्या इंजिनाचा कॉम्प्रेसर स्टॉल झाला, म्हणजे आतला हवेचा प्रवाह विस्कटला. इंधन सोडायला थांबायचे का, असे नियंत्रकाने विचारल्यावर वैमानिकांनी नको म्हटले. आणि मग परतीच्या वाटेवर, कमी उंचीवर, वस्तीवरच सुमारे 57 हजार लिटर सोडले. ते ‘कडही’ (Cudahy) नावाच्या उपनगरातल्या शाळेच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांच्या अंगावर पडले. पन्नासहून अधिक जणांना त्वचेची जळजळ झाली. हेच इंधन पुरेशा उंचीवर सोडले, तर त्याचे बारीक तुषार होऊन बहुतेक हवेतच उडून जाते. लॉस एंजेलिसचा विमानतळ तर समुद्रालाच लागून आहे. रेडिओवर ‘हो’ म्हटले असते, तर नियंत्रकाने वस्तीपासून दूर, योग्य उंचीवर जागा दिली असती.