रिपब्लिकन राज्यांतले अपघात: दोष मतपेटीचा नाही

‘रिपब्लिकनांना मतं देणारी राज्यं बेदरकार, म्हणून तिथे अपघातात जास्त माणसं मरतात.’ अमेरिकेबद्दलचं हे विधान वर्षानुवर्षं फिरतंय. त्यातला आकडा खरा आहे. लोकसंख्येच्या मानाने रिपब्लिकन मिसिसिपीत रस्त्यावरचे मृत्यू डेमोक्रॅटांच्या मॅसॅच्युसेट्सच्या कितीतरी पट आहेत. कारण मात्र चुकीचं लावलं जातं. रिपब्लिकन राज्यं बहुतेक जास्त ग्रामीण आहेत, खरी गोम तिथे आहे.

अमेरिकेची जेमतेम पाचवा हिस्सा लोकसंख्या ग्रामीण भागात राहते, पण सुमारे ४० टक्के मृत्यू तिथल्या रस्त्यांवर होतात. मधे दुभाजक नाही, वेग जास्त, रुग्णालय लांब. शिवाय गाडीशिवाय दूधही आणता येत नाही, त्यामुळे माणशी प्रवास जास्त. मृत्यू लोकसंख्येऐवजी प्रवासाच्या मैलांवर मोजले की ही दरी बरीच आटते (पुसली जात नाही, हेही खरं).

आणि अपवाद बघा ना! डेमोक्रॅटांकडे झुकणाऱ्या न्यू मेक्सिकोचं प्रमाण देशात वरच्या रांगेतलं. उलट पक्कं रिपब्लिकन यूटा बरंच सुरक्षित. चालकाच्या रक्तातल्या मद्याची मर्यादा ०.०८ वरून ०.०५ टक्क्यांवर सगळ्यात आधी आणली तीही यूटानेच, २०१८च्या अखेरीस.