जुने वायरलेस सेट आणि त्यांना लागणारे जुने संगणक : पार्श्वभूमी

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका मानला जातो; ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्याही वर गेली होती. अशा वेळी बुडालेल्या भागाचा वीजपुरवठा बंद ठेवावा लागतो, मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्या उतरू लागतात, आणि जीपच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या वायरलेस सेटची किंमत पुन्हा कळते. चांगल्या बनावटीचा असा सेट तीस वर्षांनंतरही व्यवस्थित चालतो. अडचण येते ती त्यातला एखादा चॅनल बदलण्याची वेळ आल्यावर, आणि त्या अडचणीची मुळे सेटमध्ये कमी, सेट आणि संगणक यांना जोडणाऱ्या दुव्यात अधिक आहेत.

१९७० च्या दशकापर्यंतच्या बहुतेक सेटमध्ये संगणकाचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक चॅनलसाठी सहसा दोन क्रिस्टल (ठरावीक वारंवारतेने कंप पावणारे स्फटिक) लागत, एक प्रक्षेपणाचा आणि एक ग्रहणाचा; क्रिस्टलची मूळ वारंवारता पुढच्या टप्प्यांत गुणून १५० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात नेली जाई. चॅनल बदलायचा म्हणजे नवा क्रिस्टल घडवून मागवायचा, तो बसवायचा आणि सेट पुन्हा जुळवायचा. साताऱ्यासारख्या डोंगराळ जिल्ह्यात व्हीएचएफ लहरी कड्यापलीकडच्या खोऱ्यात थेट पोहोचत नाहीत, म्हणून उंचावर रिपीटर, म्हणजे आलेला संदेश पुन्हा प्रक्षेपित करणारा संच, ठेवावा लागतो, आणि रिपीटरची वारंवारता बदलली की त्यावर बोलणारा प्रत्येक सेट उघडणे भाग पडते.

पुढे फेज-लॉक्ड लूपचे, म्हणजे एका स्थिर वारंवारतेला बांधून दुसरी वारंवारता तयार करण्याचे, तंत्र आले. आता एकाच संदर्भ क्रिस्टलपासून हवी ती वारंवारता मिळू लागली आणि चॅनल म्हणजे केवळ भागाकाराचे काही आकडे उरले. हे आकडे आधी डायोडच्या जाळीत किंवा एकदाच लिहिता येणाऱ्या प्रॉम या स्मृती-चिपमध्ये, नंतर अतिनील प्रकाशाने पुसता येणाऱ्या ईप्रॉममध्ये साठवले जात, आणि ते लिहिण्याचे उपकरण विक्रेत्याच्या कार्यशाळेतच असे.

खरा बदल घडला तो विजेनेच पुसता आणि लिहिता येणाऱ्या ईईप्रॉममुळे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोटोरोलाच्या मॅक्सट्रॅकसारख्या आणि पुढे जीएम-३०० सारख्या सेटमध्ये चॅनल, टोन (आपल्याच गटाचे सेट ओळखणारा सूर), बोलण्याची कालमर्यादा हे सारे अशा स्मृतीत गेले, आणि झाकण न उघडता माइकच्या सॉकेटमधून ते बदलता येऊ लागले. मात्र संगणकाचा सीरियल पोर्ट आरएस-२३२ मानकानुसार धन आणि ऋण ३ ते १५ व्होल्टच्या पातळ्यांवर बोलतो, तर सेटमधला मायक्रोप्रोसेसर शून्य ते ५ व्होल्टवर; शिवाय संगणकाला पाठवण्याची आणि घेण्याची तार वेगळी लागते, तर या सेटमध्ये दोन्ही कामे एकाच तारेवर होतात. या दोघांमध्ये दुभाषा म्हणून बसवलेली पेटी म्हणजे रेडिओ इंटरफेस बॉक्स, कार्यशाळेच्या भाषेत ‘रिब’. १९८७ मध्ये मॅक्झिमची मॅक्स-२३२ ही चिप बाजारात आली आणि व्होल्टेज बदलण्याचे काम सोपे झाले. पुढे हेच मंडल थेट केबलच्या प्लगमध्ये बसवून रिबशिवाय चालणाऱ्या केबल तयार होऊ लागल्या. केनवुड आणि इतर कंपन्यांनी आपापल्या वेगळ्या केबल काढल्या, त्यामुळे एका कंपनीची केबल दुसरीच्या सेटला सहसा उपयोगी पडत नाही.

सेटमधली माहिती वाचणारे आणि बदलणारे, डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीवर चालणारे सॉफ्टवेअर मात्र या केबलपेक्षाही हट्टी निघाले. सेटकडून उत्तर येईपर्यंत ठरावीक मिलिसेकंद थांबायचे असते, आणि त्या काळच्या अनेक प्रोग्रॅममध्ये हे थांबणे प्रोसेसरला रिकाम्या फेऱ्या मारायला लावून साधले होते. २८६ किंवा ३८६ प्रोसेसरवर हे गणित बरोबर जुळे. पेंटियमवर त्याच फेऱ्या क्षणार्धात संपत, आणि सेट उत्तर देण्यापूर्वीच पडद्यावर ‘प्रतिसाद नाही’ अशी सूचना येई. म्हणून संगणकाचा वेग मुद्दाम कमी करणारे मोस्लोसारखे प्रोग्रॅम वापरात आले. एरवी ज्या वेगासाठी पैसे मोजायचे तो येथे मारून टाकावा लागे. वाचन फसले तर नुकसान नसते. लेखन मध्येच तुटले तर मात्र ईईप्रॉममध्ये अर्धवट मजकूर राहतो आणि चालू सेट निकामी होऊ शकतो. त्यामुळे जाणकार तंत्रज्ञ आधी सेटमधली माहिती वाचून तिची प्रत जपतात आणि मगच पुढे जातात.

विंडोजने उरलीसुरली वाट अडवली. विंडोज २००० आणि एक्सपीपासून सामान्य प्रोग्रॅमला सीरियल पोर्टच्या हार्डवेअरला थेट हात लावता येत नाही, आणि ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत. लॅपटॉपवरून सीरियल पोर्ट गेल्यावर आलेली यूएसबी केबल डॉसच्या सॉफ्टवेअरला अपेक्षित पत्त्यावर सापडत नाही आणि वर विलंबही घालते; अशा केबलमध्ये असणाऱ्या एफटीडीआय कंपनीच्या चिपमध्ये हा विलंब मुळातच १६ मिलिसेकंदांवर लावलेला असतो. प्रोलिफिक या दुसऱ्या कंपनीच्या चिपची नक्कल असलेल्या स्वस्त केबल त्या कंपनीचे नवे ड्रायव्हर नाकारतात, आणि विंडोज तेथे ‘कोड १०’ ही त्रुटीची सूचना दाखवते. २००८ पासून विकसित होत आलेले चर्प हे सेटमध्ये चॅनल भरण्याचे मोफत सॉफ्टवेअर मुख्यतः हौशी सेटांसाठी आहे. सेटचे उत्पादन थांबल्यावर तरी कंपन्यांनी आपली जुनी सॉफ्टवेअर मोकळी करायला हवी होती, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न टिकून राहण्यामागे जुन्या सेटांची मुबलकताही आहे. अमेरिकेत १ जानेवारी २०१३ पासून बहुतेक व्यावसायिक वापरकर्त्यांना २५ किलोहर्ट्झऐवजी १२.५ किलोहर्ट्झचे अरुंद चॅनल वापरणे सक्तीचे झाले आणि कितीतरी चांगले सेट एका झटक्यात निरुपयोगी ठरून जुन्या बाजारात आले. हॅम मंडळींना, म्हणजे परवानाधारक हौशी वायरलेसवाल्यांना, ते आवडतात, परंतु भारतात हौशी वापरासाठीचा दोन मीटरचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ इतकाच आहे, आणि व्यावसायिक सेटचा एक प्रकार नेमका १४६ पासून सुरू होतो. सेटचे मंडल थोडे खाली उतरू शकते. सॉफ्टवेअर मात्र १४६ च्या खालचा आकडा स्वीकारत नाही, आणि मग सॉफ्टवेअरच्या फाइलमधले आकडे हाताने बदलण्याचे खटाटोप होतात.

कायद्याची बाजू यापेक्षा जुनी आहे. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याशिवाय असे यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरवला, आणि वारंवारता देण्याचे काम १९५२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्राच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) विभागाकडे आहे. केबल हाती आहे म्हणून कोणतीही वारंवारता सेटमध्ये भरता येत नाही. परवान्यात जी आहे तीच भरायची. याची उलट बाजू लिलावात दिसते. एखाद्या कार्यालयाने मोडीत काढलेल्या सेटमध्ये त्याचे जुने चॅनल आणि टोन जसेच्या तसे राहतात, कारण या स्मृतीला बॅटरी लागत नाही आणि वीज काढली तरी ती पुसली जात नाही. ते चॅनल नीट काढून टाकायचे असतील, तर लिलावापूर्वी त्याच कार्यालयाला तीच केबल, तेच सॉफ्टवेअर आणि तोच मंद संगणक शोधावा लागतो.